स्मिथ आडनाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावाबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी अर्थ आणि इतिहास, मग नोंदी कशा शोधायच्या ते, आणि शेवटी महाराष्ट्राशी जोडलेले प्रश्न असा क्रम आहे.

१. स्मिथ या आडनावाचा मूळ अर्थ काय?

धातूचे काम करणारा कारागीर. हा शब्द जुन्या इंग्रजीतला, म्हणजे १०६६ च्या नॉर्मन स्वारीपूर्वीचा आहे. जर्मन, डच आणि स्कँडिनेव्हियन भाषांत त्याची भावंडे आहेत. इंग्रजीत 'ठोकणे, मारणे' या अर्थाचे स्माइट हे क्रियापद आहे आणि त्यावरून स्मिथ आला, असे बरेच जण सांगतात. ते खरे नाही. दोन्ही शब्दांचे मूळ वेगळे आहे. फार जुन्या काळी हा शब्द कोणत्याही कठीण वस्तूवर हातोटीने काम करणाऱ्याला लागे. पुढे तो धातुकामापुरता उरला, आणि गावात नुसते 'स्मिथ' म्हटले की लोखंडकाम करणाराच समजला जाऊ लागला.

२. म्हणजे आपले 'लोहार'च ना?

धंद्यापुरते होय. नांगराचे फाळ, विळे, कुऱ्हाडी, खिळे, बिजागऱ्या, घोड्यांचे नाल ही कामे दोघांचीही. पण लोहार हे जातीचेही नाव आहे, स्मिथ तसे नाही. इंग्लंडमध्ये लोहाराचा मुलगा खाटीक, विणकर किंवा पाद्री होऊ शके आणि कोणत्याही घरात लग्न करू शके. त्यामुळे आडनाव कायम झाल्यावर दोन-तीन पिढ्यांतच स्मिथ नावाच्या माणसाचा भट्टीशी संबंध उरेलच असे नव्हते. १८५१ च्या जनगणनेत शेतमजूर, शिंपी, खाणकामगार असे सगळ्या धंद्यांतले स्मिथ सापडतात.

३. हे आडनाव बापाकडून मुलाकडे कधीपासून जाऊ लागले?

एका ठराविक वर्षी नाही. डरहॅम भागात ९७५ च्या सुमारास एक्सीआर्ड स्मिथ असा उल्लेख मिळतो, पण ते आडनाव नव्हे, ओळखीसाठी लावलेला धंदा आहे. नॉर्मन जमीनदारांत वंशपरंपरेची आडनावे १०६६ नंतर रुळली. सामान्य लोकांत ती दक्षिण इंग्लंडमध्ये आणि मोठ्या शहरांत साधारण १३५० पर्यंत स्थिरावली, उत्तरेत त्यानंतर शंभरेक वर्षांनी.

त्यामुळे १३०० च्या कागदात 'जॉन द स्मिथ' दिसला तर तो स्वतः लोहार असण्याची शक्यता मोठी. १५०० च्या कागदातल्या 'जॉन स्मिथ'बद्दल तसे म्हणता येत नाही. मधल्या काळासाठी १३७७, १३७९ आणि १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्या फार उपयोगी पडतात. यॉर्कशरच्या १३७९ च्या यादीत साध्या माणसाला चार पेन्स, तर कारागिराला बहुधा सहा पेन्स कर आहे आणि धंदाही लिहिलेला आहे. एखादा स्मिथ चारच पेन्स भरत असेल आणि धंद्याची जागा कोरी असेल, तर नाव धंद्यापासून सुटले असे समजायला हरकत नाही.

४. मध्ययुगात बहुतेक लोक शेतकरी होते. मग सर्वाधिक आडनावे लोहारावरून कशी?

आडनावांच्या इतिहासातला हा सगळ्यात बोधक प्रश्न आहे, म्हणून उत्तर जरा मोठे.

आडनाव माणसाला चारचौघांतून वेगळे ओळखण्यासाठी पडते. ज्या गावात सगळेच शेती करतात तिथे 'शेतकरी जॉन' म्हणून काहीच कळत नाही. पण लोहार गावात एखादाच असे. 'लोहार जॉन' म्हटले की कोण ते लगेच कळे. आपल्या बलुतेदारीत गावाला एक लोहार असे, तसेच हे. मोबदल्याची पद्धतही ओळखीची वाटेल. डरहॅमच्या बिशपच्या जमिनींची ११८३ मध्ये जी पाहणी झाली, तिच्यात नांगरांचे लोखंडी काम करण्याच्या बदल्यात लोहाराला जमीन दिल्याच्या नोंदी आहेत.

दुसरे कारण गावांच्या संख्येत आहे. लोहाराशिवाय गाव चालत नसल्यामुळे हेच नाव हजारो गावांत स्वतंत्रपणे पडले. चाके बनवणारा किंवा कापड रंगवणारा प्रत्येक गावात नसे.

तिसरे कारण आडनावांच्या मरणाचे आहे. एकाच घरापासून निघालेले आडनाव मुलगे न झाल्याने काही पिढ्यांत संपून जाते, आणि मध्ययुगातली असंख्य आडनावे तशी नाहीशी झाली. स्मिथच्या एका गावच्या शाखेला मुलगे झाले नाहीत तरी शेजारच्या गावची शाखा उरतेच. त्यात बाहेरूनही लोक या नावात येत राहिले (प्रश्न ८ आणि ९ पाहा).

५. मग सगळे स्मिथ एकमेकांचे भाऊबंद आहेत का?

नाहीत. आपल्याकडे जाधव किंवा शिंदे आडनावाच्या दोन अनोळखी माणसांनी एकमेकांना सख्खे भाऊबंद मानू नये, तसेच. लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्रिटिश आडनावे आणि बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र यांची तुलना केली. अ‍ॅटनबरोसारख्या विरळ आडनावाच्या बहुतेक पुरुषांत एकच समान पूर्वज दिसला. स्मिथ नावाच्या पुरुषांत मात्र वाटेल त्या दोन इंग्रज पुरुषांत असावी तेवढीच विविधता निघाली.

६. शब्दात आय असलेला स्मिथ, वाय असलेला स्मिथ आणि स्माइद: घराणी वेगळी का?

स्पेलिंगवरून घराणे ठरत नाही. जुन्या हस्ताक्षरात एम, एन, यू आणि आय ही अक्षरे सारख्याच उभ्या रेघांनी काढत. एमनंतर आय आला की चार रेघा सलग येत आणि वाचणारा घोटाळत असे. म्हणून लेखनिक तिथे वाय लिहीत. एकाच माणसाचे नाव बाप्तिस्म्यात आय घालून, लग्नात वाय घालून आणि मृत्युपत्रात शेवटी ई जोडून लिहिलेले सापडते. अठराव्या शतकापर्यंत हे चालूच होते. पुढे काही घरांनी मुद्दाम वाय आणि ई ठेवले, गर्दीतून वेगळे दिसावे म्हणून.

एक अपवाद लक्षात ठेवावा. जुन्या इंग्रजीत लोहाराच्या भट्टीच्या जागेसाठी वेगळा शब्द होता. शेवटी ई असलेली काही नावे आणि स्मिदीज हे आडनाव त्या जागेवरून, म्हणजे 'लोहारशाळेपाशी राहणारा' या अर्थाने आलेले आहे. त्या घराचा मूळ पुरुष लोहार असेलच असे नाही.

शोधताना चारही रूपे टाकावीत: आय, वाय, वाय-ई आणि आय-ई. एक जरी वगळले तरी नेमकी हवी ती नोंद सुटते.

७. शेवटी 'स्मिथ' असलेली जोडनावे कशावरून आली?

मोठ्या गावांत आणि शहरांत धातुकामाच्या शाखा वेगळ्या झाल्या, तिथे ही नावे पडली. गोल्डस्मिथ सोनार, अ‍ॅरोस्मिथ बाणांची पाती करणारा, शूस्मिथ नाल करणारा, सिक्सस्मिथ विळे करणारा आणि ग्रीनस्मिथ तांब्याचे काम करणारा. सिक्सस्मिथमधला 'सिक्स' हा सहा नव्हे, विळ्याला असलेला शब्द घासून तसा झाला. ही आडनावे विरळ असल्यामुळे त्यांचा माग काढणे स्मिथपेक्षा कितीतरी सोपे असते. स्मिथसन म्हणजे लोहाराचा मुलगा.

८. जुन्या लॅटिन कागदांत आमचे पूर्वज 'फेबर' लिहिले आहेत. ते स्मिथच का?

बहुधा होय, पण खात्री करावी. इंग्लंडच्या न्यायालयांचे कागद १७३३ पर्यंत मुख्यतः लॅटिनमध्ये होते. लेखनिक धंद्याचे नाव भाषांतरित करून 'फेबर' लिही. घरी आणि गावात तो माणूस स्मिथ म्हणूनच ओळखला जाई. सोनाराला 'ऑरिफेबर' लिहीत. त्याच माणसाचा इंग्रजी कागद, उदाहरणार्थ मृत्युपत्र, सापडला की प्रश्न मिटतो.

फ्रेंच वळणाचा 'लफेव्र' दिसला तर दोन शक्यता असतात. मध्ययुगातला कागद असेल तर ते लेखनिकाचे फ्रेंच असू शकते. १६८५ नंतरचा असेल तर फ्रान्समधून परागंदा होऊन आलेले प्रोटेस्टंट कुटुंब असण्याची शक्यता जास्त, आणि अशा काही कुटुंबांनी पुढे नाव बदलून स्मिथ केले.

९. स्मिथ म्हणजे इंग्रजच, असे धरून चालावे का?

अजिबात नाही. स्कॉटलंडमध्येही स्मिथ हे सर्वाधिक आढळणारे आडनाव आहे. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ तिथल्या कर्कॉल्डीचा. गेलिक भाषेत लोहाराला 'गाव' म्हणत, आणि तसे नाव असलेल्या कित्येकांनी इंग्रजी बोलू लागल्यावर स्मिथ घेतले. आयर्लंडच्या कॅव्हन परगण्यात मॅकगोवनांचे स्मिथ झाले, अर्थ तोच, 'लोहाराचा पुत्र'. कॉर्नवॉलमध्ये लोहार म्हणजे 'अन गोव्ह', त्यावरून अँगोव्ह हे आडनाव. १४९७ च्या कॉर्निश उठावाचा पुढारी मायकेल जोसेफ 'अन गोफ' म्हणूनच ओळखला जातो. तो सेंट केव्हर्नचा लोहार होता, म्हणजे त्याच्या बाबतीत तो शब्द धंदाच सांगतो. अमेरिकेत गेलेल्या श्मिटांनी, विशेषतः पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन नाव नकोसे झाल्यावर, स्मिथ हे नाव घेतले.

रोमानी, म्हणजे जिप्सी, कुटुंबांतही स्मिथ बरेच आहेत. त्यांच्या बोलीत 'पेटुलेंग्रो' म्हणजे नाल करणारा, आणि बाहेरच्यांसाठी त्याचे रूप स्मिथ. त्या लोकांची भाषा मुळात मराठीच्याच कुळातली, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात घ्यावे.

१०. कोणी स्मिथ सोडून दुसरे नाव घेतले किंवा उलट केले, तर ते कसे कळते?

इंग्लंडमध्ये फसवणुकीचा हेतू नसेल तर कोणीही आपले आडनाव बदलू शकतो. सरकारी परवानगी लागत नाही. म्हणून गरिबाघरच्या बदलाचा कागदच नसतो. अचानक एखादे कुटुंब नोंदीतून नाहीसे होते आणि शेजारच्या परगण्यात दुसऱ्या नावाने, तीच मुले आणि तीच वये घेऊन उगवते.

श्रीमंत घरांचे बदल मात्र नोंदलेले असतात, कारण त्यांच्यामागे बहुधा वारसा असतो. सर ह्यू स्मिथसन यांनी पर्सी घराण्याच्या वारस मुलीशी लग्न केले आणि १७५० मध्ये पर्सी हे आडनाव घेतले. पुढे ते नॉर्थंबरलंडचे ड्यूक झाले. त्यांचा विवाहबाह्य मुलगा आधी आईकडचे मेसी हे आडनाव लावी. आईच्या मृत्यूनंतर त्याने बापाचे मूळ आडनाव घेतले. तोच जेम्स स्मिथसन, ज्याच्या पैशातून १८४६ मध्ये वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. बापाने टाकलेले आडनाव मुलाने उचलले, आणि आज जगाला माहीत आहे ते तेच. नॉटिंगहॅमच्या स्मिथ बँकरांपैकी रॉबर्ट स्मिथ लॉर्ड कॅरिंग्टन झाले. त्यांच्या मुलाने १८३९ मध्ये स्मिथ सोडून कॅरिंग्टन हेच आडनाव केले.

११. स्मिथ पूर्वजांचा शोध कुठून सुरू करावा?

आजपासून मागे जावे. सतराव्या शतकातला एखादा नामवंत स्मिथ पकडून त्याच्यापासून खाली यायचा प्रयत्न करू नये. या आडनावाचे बहुतेक चुकीचे वंशवृक्ष तसेच तयार होतात.

घरातले कागद आधी गोळा करा. मग इंग्लंड आणि वेल्सची सरकारी नोंदणी पाहा. ती १ जुलै १८३७ पासून आहे. लग्नाच्या दाखल्यावर वधू-वर दोघांच्या वडिलांची नावे आणि धंदे मिळतात. आयांची नावे तिथे २०२१ पर्यंत नसत. जन्माच्या दाखल्यावर आईचे माहेरचे आडनाव असते, आणि स्मिथसाठी तीच खरी किल्ली. महानिबंधक कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत १८३७ पासूनच्या जन्मांपुढे आईचे माहेरचे आडनाव देऊन शोधता येते. 'विल्यम स्मिथ' असा शोध घेतला तर पानेच्या पाने येतील. 'विल्यम स्मिथ, आई थ्रॉवर' असा घेतला तर बहुधा दोन-चारच उरतील.

त्यानंतर जनगणना. १८४१ ची सावधपणे वापरा: पंधरा वर्षांवरील माणसांची वये बहुधा पाचच्या पटीत खाली आणलेली आहेत (३९ चा माणूस ३५ दिसतो), आणि नाते लिहिलेले नाही. १८५१ पासून कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्मगाव दोन्ही मिळते. १९२१ पर्यंतच्या जनगणना खुल्या आहेत. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची आगीत जळाली, ती शोधण्यात वेळ घालवू नये.

जन्म सापडत नसेल तर घाबरून जाऊ नका. १८७५ पर्यंत जन्म नोंदवला नाही म्हणून दंड होत नसे, आणि सुरुवातीच्या दशकांत बरेच जन्म सुटले. अशा वेळी चर्चमधला बाप्तिस्मा पाहावा.

१२. १८३७ च्या आधीचे कसे शोधायचे?

चर्चच्या नोंदवह्यांतून. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ मध्ये निघाला, पण सुरुवातीच्या पुष्कळ वह्या आज नाहीत. १७५४ पासून लग्नाच्या नोंदीवर वधू-वर आणि साक्षीदार यांच्या सह्या किंवा अंगठ्याऐवजीच्या फुल्या आहेत. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील वहीत वडिलांचा धंदा आणि राहण्याचे ठिकाण येते. त्याआधी बहुतेक ठिकाणी 'जॉन, जॉन आणि मेरी स्मिथ यांचा मुलगा' एवढेच.

दोन खड्डे नेहमीचे. एक, यादवी युद्ध आणि त्यानंतरच्या प्रजासत्ताकाचा काळ, साधारण १६४२ ते १६६०: वह्या मोडक्या-तोडक्या आहेत. दुसरा, तारखांचा: १७५२ पर्यंत इंग्लंडचे अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू होई. वहीत 'फेब्रुवारी १७१०' असेल तर आजच्या हिशोबाने ते १७११. हे विसरल्यामुळे लग्नाआधीच मूल झालेले दिसते किंवा मेलेला माणूस बाप्तिस्म्याला हजर राहतो.

१३. एकाच गावात एकाच वयाचे दोन जॉन स्मिथ आहेत. आमचा कोणता?

नाव बाजूला ठेवा आणि बाकी सगळे जुळवा. दोघांची स्वतंत्र पाने करा आणि गावातली प्रत्येक स्मिथ नोंद कोणत्या तरी एका पानावर बसवा, न बसणारी तिसऱ्या पानावर. बायकोचे नाव, धंदा, वस्ती, साक्षीदार, मुलांच्या नावांचा क्रम हे धागे. सही फार बोलते: एक जॉन सही करतो, दुसरा फुली मारतो, असे बऱ्याचदा निघते. मृत्युपत्रात जावई आणि मेहुणे नावानिशी येतात, तिथे गाठ सुटते. आणि दफनाच्या नोंदी नक्की पाहा. तुम्ही धरलेला जॉन तीन महिन्यांचा असतानाच वारला नव्हता ना, हे न तपासता पुढे गेलेली झाडे आम्ही वारंवार पाहतो.

एवढे करूनही दोघांत फरक पडत नसेल तर तिथे थांबावे आणि तसे लिहून ठेवावे. अंदाजाने जोडलेली एक पिढी त्यावरच्या सगळ्या पिढ्या खोट्या करते.

१४. डीएनए चाचणीने काम सोपे होते का?

ठराविक प्रश्न असेल तर होते. 'हे दोन स्मिथ एकाच पुरुषाचे वंशज आहेत का?' याला वाय गुणसूत्राची चाचणी चांगले उत्तर देते. त्यासाठी दोन्ही बाजूंचे, आडनाव बापाकडून आलेले पुरुष लागतात. मुलीच्या वंशजाची ही चाचणी करून उपयोग नाही. 'मी कोणत्या स्मिथांपैकी?' असा मोकळा प्रश्न टाकला तर शेकडो असंबद्ध नावे समोर येतात. कारण प्रश्न ५ मध्ये दिले आहे.

१५. स्मिथ घराण्याचे राजचिन्ह विकत मिळते. घ्यावे का?

भिंतीवर शोभेला लावायचे असेल तर तुमची मर्जी. पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. इंग्लंडमध्ये चिन्ह आडनावाला मिळत नाही, एका व्यक्तीला मिळते आणि तिच्या वंशजांकडे जाते. हे काम १४८४ मध्ये स्थापन झालेले लंडनचे कॉलेज ऑफ आर्म्स पाहते. कोण्या एका स्मिथला मिळालेले चिन्ह बाकीचे लाखो स्मिथ लावू शकत नाहीत.

१६. लंडनचे स्मिथफील्ड लोहारांवरून पडले का?

नाही. ते मुळात 'सपाट, गुळगुळीत मैदान' अशा अर्थाचे नाव आहे. हॅमरस्मिथमध्ये मात्र हातोडा आणि लोहारशाळा दोन्ही आहेत.

१७. अजिंठ्यात नाव कोरणारा जॉन स्मिथ कोण? आणि आष्टीच्या लढाईतला स्मिथ तोच का?

दोघे वेगळे. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला बापू गोखले पडले, त्या लढाईत इंग्रज फौजेचे नेतृत्व करणारे जनरल लायनेल स्मिथ. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरणारा जॉन स्मिथ हा मद्रास इलाख्याच्या सैन्यातला घोडदळ अधिकारी. व्हर्जिनियाचा प्रसिद्ध कॅप्टन जॉन स्मिथ या दोघांच्या दोन शतके आधीचा. त्याचा बाप्तिस्मा लिंकनशरमध्ये १५८० साली झाला. हुद्दाही एक, नावही एक, म्हणून ही सरमिसळ पुन्हा पुन्हा होते.

कंपनीच्या सैन्यातल्या अशा अधिकाऱ्याचे घर शोधायचे तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात भरतीच्या वेळचे कॅडेट कागद पाहावेत. त्यात बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो, म्हणजे इंग्लंडमधले गाव हाती लागते.

१८. आमचे स्मिथ कुटुंब पुणे, भुसावळ किंवा इगतपुरीचे आहे. नोंदी कुठे मिळतील?

आधी स्थानिक चर्चमध्ये. तिथल्या नोंदींच्या प्रती मुंबईला आणि तिथून लंडनला जात. त्या आज इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत: बंगालसाठी एन १, मद्राससाठी एन २ आणि मुंबईसाठी एन ३ ही मालिका. पुणे, भुसावळ, इगतपुरी तिन्ही मुंबई इलाख्यात, म्हणून एन ३. नागपूरकडचे कुटुंब असेल तर मात्र आधी बंगाल आणि मद्रास पाहा. मूळ वही आणि लंडनची प्रत यांत फरक पडला तर मूळ वही खरी धरावी.

रेल्वे वसाहतीतल्या कुटुंबांत धंद्याचा रकाना फार महत्त्वाचा. फिटर, ड्रायव्हर, गार्ड अशी नोंद असते आणि बदल्यांमुळे एकाच घरातल्या चार मुलांचे बाप्तिस्मे चार गावांत असतात. पहिला स्मिथ इंग्लंडहून आलेला शिपाई असू शकतो, आयरिश असू शकतो, किंवा बाप्तिस्म्याच्या वेळी हे नाव घेतलेला इथलाच माणूसही असू शकतो. त्याच्या लग्नाच्या नोंदीत वडिलांचे नाव कसे लिहिले आहे ते सर्वांत आधी पाहावे. वडिलांचे नाव इथले असेल तर इंग्लंडच्या वह्या चाळण्याची गरज नाही.